हवामान बदल गावात सांगायचा तर सुरुवात कुठून करावी? (मराठवाड्यापुरतं)

बालाघाट_कडा (धागाकर्ता)
ग्रामसभा असो, शाळा असो की बचत गटाची बैठक, 'हवामान बदल' म्हटलं की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक तर हिमनद्या वितळतायत आणि समुद्र वर येतोय. ते ऐकून भूम-पाटोद्याच्या माणसाला काही घेणंदेणं वाटत नाही. नाही तर "पहिल्यासारखा पाऊस राहिला नाही" म्हणून सगळे माना डोलावतात आणि विषय तिथंच संपतो.

माझं मत असं की सुरुवात पावसापासूनच करावी, पण "पाऊस कमी झाला" हे वाक्य टाळावं. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी महसूल विभागाच्या हिशोबात ६७९ मिमीच्या आसपास. ती एखाद्या वर्षी निम्म्यावर येते, एखाद्या वर्षी पार ओलांडली जाते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात माणसं पुरातून बाहेर काढावी लागली. अशा मुलखात 'कमी' की 'जास्त' यावर वाद घातला तर दिवस मावळतो. खरा बदल दिसतो तो पाऊस कसा विभागून पडतो त्यात आणि उन्हात.

तर जाणकारांनी सांगावं: गावात नेमकं काय मोजायचं, त्यावरून कोणतं विधान छातीठोकपणे करता येतं आणि कोणतं नाही? आणि जुनी माणसं नक्षत्रांच्या भाषेत बोलतात, तिचं काय करायचं?

मापकरी
चांगला धागा. पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. गावात पर्जन्यमापक नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेत जातं. महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र असतं, पण एका मंडळात बरीच गावं. वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात भुरभुर असा पडतो. म्हणून आपलं माप आपल्या गावात हवं.

साधं माप बनवायची रीत:

सहा इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा घ्या. वरची कड घासून एका पातळीत आणा आणि पाइपच्या आत खाली नरसाळं बसवून सांधा पक्का करा. नरसाळ्याची नळी पाच लिटरच्या कॅनमध्ये उतरवा आणि कॅन जमिनीत अर्धा पुरा, म्हणजे तापत नाही आणि पाणी उडून जात नाही. नुसतं स्वयंपाकघरातलं नरसाळं उघड्यावर लावू नका. त्याचा उतार पसरट असतो, जोराचे थेंब आपटून बाहेर उडतात आणि नेमक्या मोठ्या पावसातच माप कमी भरतं. वर उभी भिंत हवी ती त्यासाठी.

आता हिशोब. पाइपचा आतला व्यास टेपनं मोजा. समजा १६ सेंमी आला, तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस सेंमी. म्हणजे २० मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस. व्यास १५ आला तर क्षेत्रफळ १७७, मग १७.७ मिली म्हणजे १ मिमी. व्यास अंदाजानं धरला तर सगळी नोंद चुकते, कारण व्यासातली चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन येते. पाणी मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेतलं १०० मिलीचं मोजपात्र सगळ्यात बरं. फवारणीच्या औषधाचं माप वापरायचं तर नवं घ्या, वापरलेलं नको.

जागा: भिंत, झाड, टॉवर यांची जेवढी उंची असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडून. गच्चीवर नको, तिथं वारा पाऊस वळवतो. तोंड जमिनीपासून निदान फूटभर वर. कमी ठेवलं तर जमिनीवरून उडालेलं पाणी आत जातं.

बाटली कापून केलेली मापं शाळेत मुलांना दाखवायला ठीक. तिचा तळ खोलगट-उंचवट असतो, आणि वरून पट्टी लावली की पहिले पाच-सहा मिमी चुकतात.

गोदाकाठ
मापकरी यांना +१. एकच भर. वेळ सकाळी साडेआठची ठेवा, हवामान खात्याचीही तीच. आणि तारखेचा घोळ आधीच समजावून सांगा. १४ तारखेला रात्री दहाला पडलेला पाऊस १५ तारखेच्या नावावर लागतो, कारण तो १५ ला सकाळी मोजला जातो. पंचनाम्याच्या वेळी "आमच्याकडं १४ ला ढगफुटी झाली आणि कागदावर शून्य" म्हणून जी भांडणं होतात, त्यातली कितीतरी इथून निघतात.

ढगफुटी हा शब्दही जपून वापरा. हवामान खात्याच्या लेखी ताशी १०० मिमीच्या आसपासचा पाऊस लहानशा भागात पडला तर ढगफुटी. मदतीच्या निकषातली अतिवृष्टी वेगळी, ती मंडळात २४ तासांत ६५ मिमी.

कोरडवाहू_आष्टी
सगळं खरं, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. दुष्काळ इथं नवा नाही. ७२ चा दुष्काळ हवामान बदलानं आला होता काय? दुर्गादेवीचा दुष्काळ तर चौदाव्या शतकाच्या अखेरीचा. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलोय, पाऊस लहरी असणारच. लातूरला रेल्वे आली त्यामागं पावसाइतकाच उसाचाही हात होता. बारा-अठरा महिने रानात उभं राहणारं पीक तुटीच्या खोऱ्यात लावायचं, कायद्यात ६० मीटरची मर्यादा असताना बोअर त्याच्या कितीतरी खाली न्यायचे, आणि मग आभाळाकडं बोट दाखवायचं. हवामान बदल हा शब्द गावात नेला की पुढारी तो ढालीसारखा वापरतील, ही माझी भीती आहे.

बालाघाट_कडा
कोरडवाहू भाऊ, भीती रास्त आहे, आणि म्हणूनच मोजमाप हवं म्हणतो. पाणी कुठं गेलं याचा हिशोब आणि पाणी कसं पडलं याचा हिशोब, दोन्ही वह्या वेगळ्या ठेवल्या तर एकाचं पाप दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

हवामान_वाचक
कोरडवाहू यांनी मांडलेला मुद्दा गावात हमखास निघतो, म्हणून त्याचं उत्तर तयार हवं. ७२ चा दुष्काळ किंवा २०१५ ची तूट यातलं एकेक वर्ष उचलून "हे हवामान बदलानं झालं" असं म्हणू नये. २०१५ ला प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता (तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापतं ती अवस्था), २०२३ लाही होता. त्या वर्षीचा ऑगस्ट देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदीत सगळ्यात कोरडा गेला. एल निनो हा निसर्गाचा जुना हेलकावा, आधीही होता. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांचा हिशोब. एका मोसमाला तिथं साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही.

मग छातीठोकपणे काय म्हणता येतं? भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशानं वाढलं, हे केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. ढग तयार व्हायला वेळ लागतो, आणि झाला की एकदम ओततो. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात आहे. त्याच काळात त्या पट्ट्याचा मोसमातला एकूण पाऊस मात्र घटला. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि गावात सांगायची गोष्ट हीच आहे.

पण तो मोठा पट्टा. तेवढ्यावरून "आपल्या तालुक्यात तिप्पट झालं" असं म्हणायचं नाही. तालुक्याचं विधान तालुक्याच्या नोंदीवरूनच.

गारपिटीबाबतही हात आखडता ठेवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सगळ्यांना आठवते. पण गार अरुंद पट्ट्यात पडते आणि जुन्या नोंदी तुटक आहेत. वाढली की नाही हे उन्हाइतक्या खात्रीनं सांगता येत नाही.

निंबोणी
झाडं तोडली म्हणून पाऊस गेला, एवढं साधं आहे. झाडं लावा म्हणजे येईल.

हवामान_वाचक
निंबोणीताई, झाडं लावायलाच हवीत, पण कारण हे देऊ नका. आपला पाऊस अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून येतो. मराठवाड्याला तर सप्टेंबरात उपसागरातून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा मोठा आधार असतो. गावच्या माळावरची झाडं तो वळवून आणू शकत नाहीत. झाडानं माती धरली जाते, वाऱ्याचा जोर मोडतो, सावलीत जमीन कमी तापते, पाणी मुरतं. एवढी कारणं पुरेशी आहेत. "झाडं लावली तर पाऊस येईल" असं सांगितलं आणि पुढच्या वर्षी पावसात खंड पडला की लोकांचा झाडावरचाही विश्वास उडतो आणि सांगणाऱ्यावरचाही.

निंबोणी
पटलं. तसंच सांगेन.

मृगाचा_किडा
नक्षत्रांवर लिहितो. लोक दोन टोकं गाठतात: एक तर पंचांगातलं वाहन (नक्षत्र कोणत्या प्राण्यावर बसून येतं ते) बघून पेरणी ठरवायची, नाही तर नक्षत्र म्हणजे अंधश्रद्धा म्हणून उडवून लावायचं. दोन्ही नको.

नक्षत्र म्हणजे सूर्य आभाळाच्या कोणत्या भागात आहे त्याची खूण. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२०, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७, पूर्वा ३०-३१, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २६-२७, मग चित्रा आणि स्वाती. म्हणजे पावसाळ्याचे तेरा-चौदा दिवसांचे आयते कप्पे. पाऊस पुढं-मागं झाला तरी कप्पे हलत नाहीत. (फार बारीक बघायचं तर साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकतात, आपल्या कामाला तो फरक धरायची गरज नाही.)

जुन्या माणसांची आठवण याच कप्प्यांत साठवलेली असते. "तरणा चांगला झाला, म्हातारा कोरडा गेला" असं ते बोलतात, म्हणजे पुनर्वसूत पडला आणि पुष्यात खंड होता. "जुलैच्या शेवटच्या आठवड्यात किती पाऊस व्हायचा?" असं विचारलं तर उत्तर येत नाही, "म्हाताऱ्यात किती दिवस उघाड असायची?" असं विचारलं तर लगेच येतं. म्हणून नोंदवहीत तारखेशेजारी नक्षत्राचा रकाना ठेवा आणि मोसमाच्या शेवटी नक्षत्रवार मिमीची बेरीज मांडा. त्या आठवणी आणि मोजमाप एकाच तक्त्यावर येतात. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" हे ज्वारी-करडईच्या काळात खरं होतं. आज त्याच दिवसांत काढलेल्या सोयाबीनच्या गंजी रानात उभ्या असतात. पाऊस तोच असला तरी पीक बदललं म्हणून मोत्याचा चिखल होतो. हाही मुद्दा बैठकीत निघू द्या.

वाहनाचं मात्र सोडून द्या. बेडूक, म्हैस, हत्ती हे गणितानं ठरतं, त्यात हवेचा दाब कुठं येत नाही.

तूरडाळ_लातूर
नक्षत्राचा रकाना! लई भारी. आमच्या पाराला हे झटक्यात कळेल.

काळी_भारी
बोलणं कामाला लागायचं असेल तर ते पेरणीपर्यंत आणायला हवं. आपल्याकडं बैठका होतात मे महिन्यात, तेव्हा लोकांना तेच ऐकायचं असतं.

पहिलं म्हणजे मृगाचा एक सडाका आला की तिफण काढायची घाई. परभणी कृषी विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी, अशी आहे. त्यामागचं कारण सांगा. भारी काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस भेगांतून खाली जातो आणि वरचं चार बोटं ओलं दिसतं. बी ३ ते ५ सेंमीवर पडतं, फुगतं, आणि आठ-दहा दिवस उघाड पडली की मोड जागेवर वाळतो. दुबार पेरणी. गावात पर्जन्यमापक असेल तर "ओल झाली का?" हा प्रश्न अंदाजावर राहत नाही, मापात ७५ भरले का, एवढंच बघायचं. आणि कुदळ मारून वीतभर खोल ओल गेली का तेही बघा.

दुसरं म्हणजे खंड आणि अतिवृष्टी दोन्ही एकाच मोसमात येणार असं धरून चालायचं. त्यासाठी रुंद वरंबा सरी. यंत्र असेल तर तीन-चार ओळींचा वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी पडते. यंत्र नसेल तर नेहमीसारखं पेरा, पीक महिन्याचं झालं की दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी गुंडाळून सरी ओढा. खंडात सरीतलं मुरलेलं पाणी वरंब्याला मिळतं, आणि जादा पाऊस झाला तर सरीतून निघून जातं.

चुकतं कुठं? सरी उताराच्या दिशेनं ओढली की तीच ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. उताराला आडवी, किंचित कललेली हवी. आणि शेवटी पाणी काढून द्यायला चर हवा. चर काढला नाही तर बांधाशी पाणी तुंबतं, मुळाला हवा मिळत नाही आणि तिथलं सोयाबीन पिवळं पडतं. मग लोक लोह कमी पडलं समजून त्याची फवारणी करत बसतात.

मोसंबी_अंबड
सोयाबीनपुरतं नका ठेवू. आंबिया बहाराच्या मोसंबीला नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पानं मलूल होऊन गळायला लागली की झाड विश्रांतीला जातं आणि मग पाणी दिल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत एकसारखी फुलं येतात. ऐन ताणात अवकाळी झाला की ताण तुटतो: फुलाऐवजी पालवी, किंवा थोडी फुलं आत्ता, थोडी नंतर. पाऊस फार नसतोही, पण वेळ चुकीची. वार्षिक सरासरीत हा पाऊस दिसत सुद्धा नाही.

हळद_वसमत
तीच गत हळदीची. शिजवलेली हळद वाळायला दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. मार्च-एप्रिलात मधेच पाऊस आला की रंग उतरतो, बुरशी धरते. नोंदवही जून ते सप्टेंबर न ठेवता बारा महिने ठेवा.

तूरडाळ_लातूर
अवांतर: ढग आहेत तर विमानानं पाऊस का पाडत नाहीत, हा प्रश्न दर बैठकीला येतो. औरंगाबादहून २०१५ आणि २०१९ ला तसा प्रयोग झाला होता ना?

हवामान_वाचक
झाला होता. पण त्यासाठी मुळात पाणी धरलेले, उंच वाढणारे ढग लागतात. मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगातल्या पाण्याला थेंब व्हायला आधार देतात, पाणी तयार करत नाहीत. खंडाच्या काळात नेमके तसेच ढग कमी असतात. दुष्काळाचा उपाय म्हणून त्याच्याकडं बघू नये.

मास्तर_परतूर
शाळेच्या भिंतीवर तक्ता रंगवायचा विचार आहे. रोजचा पाऊस लिहिला तर १२० आकडे होतात, कुणी वाचत नाही. काय ठेवावं?

मापकरी
मास्तर, रोजचे आकडे वहीत राहू द्या. भिंतीवर चार गोष्टी पुरतात: पावसाचे दिवस किती (२.५ मिमी किंवा जास्त पडला तोच दिवस धरायचा, हवामान खात्याची व्याख्या तीच), ६५ मिमीच्या वर गेलेले दिवस किती, सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा, आणि मोसमाची बेरीज. दर वर्षी एक ओळ. दोन वर्षांची बेरीज सारखी आणि पावसाचे दिवस निराळे, असं जिथं दिसेल तिथं मुलांना थांबवा आणि विचारा की विहिरीला कोणतं वर्ष बरं.

त्यासोबत लिटरचा हिशोब मुलांकडून करून घ्या. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. एका एकराला सुमारे ४,०४७ लिटर. ६५ मिमी पडला तर एकरावर २ लाख ६३ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर सव्वीस. हे पाणी चार दिवसांत आलं तर बरंचसं मुरतं. दोन तासांत आलं तर ओल्या काळ्या मातीची मुरण्याची गती ताशी काही मिमीच असल्यानं बहुतेक वाहून जातं, जाताना माती नेतं. बेरीज मात्र दोन्हीकडं ६५.

जुन्या वर्षांसाठी तहसीलच्या पर्जन्य नोंदी मागा, आणि अलीकडचं मंडळनिहाय कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतं. आपल्या मापकाचे आकडे त्यात मिसळू नका, शेजारी वेगळ्या रंगात लिहा. जागा बदलली की माप बदलतं.

गोदाकाठ
स्वयंचलित केंद्राचा आकडा आणि गावचा आकडा जुळला नाही की लगेच "यंत्र खोटं" म्हणू नका. त्यात छोटी डोलती बादली असते, ठरावीक पाणी भरलं की उलटते आणि एक ठोका मोजला जातो. नरसाळ्यात पाला, पाखराची विष्ठा किंवा कोळ्याचं जाळं असलं की पाणी थेंब थेंब उतरतं, पाऊस थांबल्यावरही तासभर ठोके पडत राहतात. अगदी मुसळधारेत उलटायला लागणाऱ्या क्षणात थोडं पाणी सुटतं, आकडा जरा कमी येतो. केंद्राभोवती उंच झाड किंवा शेड झालं असेल तर ते मात्र लेखी कळवा, फोटोसह.

कोरडवाहू_आष्टी
मापकरी यांचा २६ टँकरचा हिशोब आवडला. त्याला माझी जोड: त्याच भिंतीवर गावातल्या एका विहिरीची पाण्याची पातळी लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर अशा चार वेळा मोजते, तेच महिने धरा. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, उपसा सुरू नसताना, सकाळी. आणि शेजारी गावातलं उसाचं क्षेत्र. पाऊस सरासरीइतका झाला आणि मार्चात विहीर कोरडी, असं दिसलं की आभाळाला दोष देता येणार नाही. पाऊसच वेडावाकडा पडला असेल तर तेही दिसेल. एवढं असेल तर हवामान बदल हा शब्द वापरायला माझी हरकत नाही.

बालाघाट_कडा
विहीर घेतलीच पाहिजे, मान्य. आणि ऊन? ते कसं मोजायचं?

हवामान_वाचक
कमाल-किमान तापमापक, सावलीत, दीड मीटर उंचीवर, हवा खेळती हवी. पत्र्याखाली नाही, भिंतीला चिकटून नाही. दुपारचा आकडा सगळे बघतात. पहाटेचा किमान आकडाही लिहा. थंडीत रात्री उबदार गेल्या की हरभरा-गहू लवकर पक्वतेला येतात, दाणा बारीक राहतो. आणि मैदानी भागात कमाल ४० च्या वर असून सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, हे मजूर महिलांच्या बैठकीत आवर्जून सांगा. कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा करून घ्यायला त्याचा आधार होतो.

मास्तर_परतूर
सुट्टीत नोंद कोण घेणार? उन्हाळी सुट्टी नेमकी वळवाच्या दिवसांत.

मापकरी
दोन घरं ठरवा, एक शाळेजवळचं, एक पर्यायी. नोंद चुकलीच तर त्या तारखेला शून्य लिहू नका, रेघ मारा. दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं असेल तर तसं लिहा, मनानं निम्मं-निम्मं वाटू नका. शून्य म्हणजे पाऊस नव्हता, रेघ म्हणजे मोजला नाही. कॅन मात्र मोजून झाल्यावर रोज रिकामा करायचा, पाऊस नसला तरी झाकण उघडून बघायचं. आणि मृगाच्या आधी एकदा मोजलेलं २०० मिली पाणी वरून ओतून बघा; सांधा गळत असेल तर तेव्हाच कळतं.